विक्रोळीतलं एकोणिसावं शतक

इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात जे काही घडलं त्याच्याशी माझा वैयक्तिक संबंध नाही, असं मला पोलीस चौकीत लेखी द्यावं लागलं. सरकारी गोदामात हेडक्लार्क असलेल्या, इंग्रजी वाङ्मय घेऊन एम. ए. झालेल्या, आयुष्यात कधी थुंकल्याचाही दंड न भरलेल्या माणसाकडून असं लिहून घेणं हे कुठल्या संस्कृतीत बसतं? पण विक्रोळीत बसतं. जिथे एक खोली आणि स्वयंपाकघर यांत दोन कुटुंबं आणि गावचे पाहुणे बसतात, तिथे हेही बसलं.

एम. ए. मी उशिरा झालो. नोकरी सांभाळून, बाहेरून परीक्षा देऊन. पेपरच्या आदल्या दिवशीसुद्धा नलिनीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, मला रॉकेलच्या रांगेत उभं केलं होतं, आणि एका कवीच्या निसर्गप्रेमाची उजळणी मी हातात डबा घेऊन केली. तरी पास झालो. इमारतीत पेढे वाटले. पेढे खाऊन प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "आता प्रमोशन?" मी म्हटलं, नाही. "मग कशाला?" या 'मग कशाला'चं उत्तर एकदा जाहीरपणे द्यायचं मी मनाशी ठरवलं, आणि इथेच माझं चुकलं.

सव्वीस जानेवारीला आमच्या इमारतीचा सत्यनारायण असतो. प्रजासत्ताकाचा आणि सत्यनारायणाचा संबंध काय, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. पण घटनासमितीने तो दिवस आमच्या पूजेसाठीच निवडला असावा, अशा थाटात हाउसिंग बोर्डाची सगळी वसाहत त्या दिवशी लाउडस्पीकर लावते. संध्याकाळी तीर्थप्रसाद, मग करमणूक. त्या वर्षी डबलबारी भजन ठरलं होतं. म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसून आधी देवाचं नाव घेतात आणि मग एकमेकांचं. डबलबारीच्या आधी तासभर मोकळा होता. त्या तासात मी व्याख्यान द्यावं, असं मीच सुचवलं. विषय : 'एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वाङ्मय आणि आजचा काळ'.

सोसायटीचे सेक्रेटरी काशीरामदादा. आमच्या इमारतीत नळाचा वॉशर बदलायचा झाला तरी दादा म्हणतात, "कमिटीपुढे ठेवतो." व्याख्यानही त्यांनी कमिटीपुढे ठेवलं. कमिटी म्हणजे दादा आणि दादा सांगतील त्याला मान हलवणारे बाकीचे.

"इंग्रज गेले ना सोडून?" दादा मला म्हणाले. "मग त्यांचं वाङ्मय कशाला ठेवून घेतलंत?"

मी म्हटलं, "दादा, मानवी जीवनाचं इतकं सखोल दर्शन..."

"अर्धा तास," दादा म्हणाले. "आणि कुणाचं नाव घेऊन बोलू नका. मागे एकाने पाण्याच्या टाकीवरून भाषण केलं, ती भांडणं अजून मिटली नाहीत."

मी हसलो. एकोणिसाव्या शतकात कुणाचं नाव घेणार? सगळे मेलेले.

पुढची पायरी लाउडस्पीकरचा परवाना. ते काम खरं म्हणजे दत्तारामचं. दत्ताराम आमच्या शेजारचा. संपात गिरणी बसली ती बसलीच, तेव्हापासून तो मंडप आणि माईक भाड्याने देतो. पण भाषण माझं म्हणून चौकीत मलाही यावं लागेल म्हणाला. तिथे भीमराज नावाचे हवालदार होते. त्यांनी विषय दोनदा वाचला.

"शतक कुणाचं?"

"कुणाचं नाही. काळ आहे तो. अठराशे ते..."

"एकोणीस शतकं झाली म्हणजे मोठाच खेळाडू. इंग्लंडचा आहे ना? नाव नाही लिहिलं."

मी समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरं. धार्मिक, राजकीय की करमणूक?"

"वैचारिक."

"वैचारिकला परवानगी नसते. म्हणजे रकानाच नाही."

मी तात्त्विक भूमिका घेऊन उभा राहिलो. माझ्यामागे दोन मारामाऱ्या आणि एक हरवलेली म्हैस रांगेत होती, आणि म्हशीचा मालक मला कोपराने ढोसत होता. शेवटी दत्तारामनेच परस्पर सांगितलं, "साहेब, करमणूक ल्हिवा." अशा रीतीने इंग्रजी भाषेतल्या त्या थोर शतकाची विक्रोळी पोलिसांच्या दप्तरी करमणूक म्हणून नोंद झाली. बाहेर येऊन मी दत्तारामच्या चार पावलं पुढे चालू लागलो.

तो मात्र वाटेत सल्ला देत होता. "जयवंता, तुझा भाषण बराच आसतला. पण मधी एखादो गजर टाक. नायतर लोक उठान जातले."

भजनातला गजर! मी गद्य वाङ्मयावर बोलणार होतो.

मग जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लागली. काशीरामदादांचं अक्षर मोठं आणि फळा लहान. 'सायं. ७ वा. श्री. जयवंत तिर्लोटकर यांचे एकोणिसावे शतक' एवढंच मावलं. दोन दिवस मला लोक जिन्यात थांबवून अभिनंदन करत होते. तळमजल्यावरच्या एका निवृत्त गृहस्थांनी तर, "बाकीची अठरा कुठे काढलीत? कांगा लीगमध्ये का?" असं विचारलं. मी 'वाङ्मय' हा शब्द खडूने कोपऱ्यात घुसवला, तर दादांनी फळा विद्रूप केल्याबद्दल मला तोंडी समज दिली.

व्याख्यानासाठी मी एक कादंबरी निवडली होती. तिचं नाव सांगत नाही. सांगूनही उपयोग नाही. एका विस्मृतीत गेलेल्या बाईने लिहिलेली, सातशे पानांची, फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मिळालेली. मोठ्या नावांची पुस्तकं सगळेच सांगतात; मी वेगळं काही सांगणार होतो. त्यातून तीन मुद्दे काढले होते : संस्था आणि व्यक्ती, करुणेचं स्वरूप, आणि कालसापेक्षता. तिसरा मुद्दा माझा स्वतःचा होता. तो एम. ए.च्या कुठल्याही गाइडात नाही.

पूजेच्या दिवशी मी कोट घातला. नलिनी म्हणाली, "अहो, कोट कशाला? लग्नातला आहे, बटण लागत नाही." मी म्हटलं, न लावता घालतात. संध्याकाळी पटांगणात सतरंज्या, पुढे खुर्च्या, पहिल्या खुर्चीवर हार घातलेले काशीरामदादा. बायका एका बाजूला, त्यांत मागे शेवंतीवहिनी. वहिनी आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचे यजमान सहदेव वर्षापूर्वी गेले. सहदेव म्हणजे काशीरामदादांचे सख्खे धाकटे भाऊ. शेवंतीवहिनींबद्दल एवढीच माहिती मला होती, आणि सभ्य शेजाऱ्याला एवढी पुरेशी असते असं माझं मत आहे.

दादांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पंधरा मिनिटांत आटपा. बुवा आलेत." मी दोन मुद्दे मनातल्या मनात छाटत असताना दत्ताराम धावत आला. बुवा आले होते, पण एकच. दुसऱ्या बुवांचा टेम्पो घाटकोपरला बंद पडला होता, आणि डबलबारीत एकट्या बुवाला काहीच करता येत नाही. शिव्या देणार कुणाला? "तू चालूच ठेव," दत्ताराम म्हणाला. "टेम्पो येयसर थांबा नको."

म्हणजे माझं व्याख्यान आधी तास, मग अर्धा तास, मग पंधरा मिनिटं आणि आता टेम्पो दुरुस्त होईपर्यंत. कुठल्याही विद्यापीठात वक्त्याची अशी विटंबना झाली नसेल. तरीही मी उभा राहिलो.

सुरुवातीला औद्योगिक क्रांती सांगितली. लोक प्रसाद खात होते. पोरं सतरंजीखालून सतरंजीवर घुसत होती. क्रिकेट ऐकायला आलेले गृहस्थ उठून गेले. मी घाईने कादंबरीवर आलो.

"समुद्रकाठचं एक इंग्रजी गाव," मी सांगितलं. "तिथे एक विधवा. नवरा अचानक गेलेला. पदरात एक मुलगी. नवऱ्याच्या घरात राहते, चार लोकांना जेवण करून घालते, त्यावर भागवते."

बायकांच्या बाजूची कुजबूज थांबली. मला बरं वाटलं. शैलीचा परिणाम.

"आता घर तिच्या नावावर व्हायला हवं. ते करायचं काम गावच्या चर्चच्या समितीचं. आणि त्या समितीचा चिटणीस कोण? तिचाच थोरला दीर!"

कुणीतरी प्रसादाची वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. तो मला ऐकू आला, इतकी शांतता होती. इंग्रजी वाङ्मयाच्या ताकदीवर माझा विश्वास होताच, पण इतकी ताकद असेल असं मलाही वाटलं नव्हतं. मी कोटाच्या खिशात हात घातला आणि आवाज जरा खाली आणला.

"ती बाई दर महिन्याला दिराकडे जाते. दीर काय म्हणतो? म्हणतो, पुढच्या बैठकीत ठेवतो. पुन्हा जाते. म्हणतो, सभासद हजर नव्हते. तिसऱ्यांदा जाते, तर म्हणतो, तू इथे एकटी काय करणार, गावी जाऊन राहा. कारण त्या दिराच्या मुलाचं लग्न ठरलेलं असतं, आणि मुलाला जागा हवी असते!"

"बाई गे!" बायकांतून कुणीतरी म्हणालं.

"मग?" मागून एकजण ओरडला. "मग दिराने काय केलं?"

माझ्या आयुष्यात मला वाङ्मयावर कुणी 'मग?' असं विचारलं नव्हतं. मी भारावून गेलो. दीर बाहेरून कसा देवभक्त, चर्चमध्ये पहिल्या रांगेत कसा बसतो, लोक त्याला कसा मान देतात, याचं लेखिकेने केलेलं वर्णन मी बारकाव्यांसकट सांगितलं. सांगताना हाताने पहिली रांग दाखवली. हा केवळ वक्तृत्वाचा भाग होता.

काशीरामदादा हारासकट उभे राहिले.

"बंद कर तो माईक!"

"दादा, अजून दोन मुद्दे..."

"माईक बंद कर म्हणतो ना! दत्ताराम!"

दत्ताराम अॅम्प्लिफायरपाशी बसला होता. त्याने बटण जरा फिरवलं, पण मोठ्याच बाजूला. "माईक माझो आसा," तो म्हणाला. "माका वाटात तेवाच बंद होतलो."

दादा माझ्याकडे वळले. "आमच्या घरातल्या गोष्टी तुला कुणी सांगितल्या?"

मी चकित झालो. "दादा, ही अठराशे बावन्न सालची गोष्ट आहे! इंग्लंडातली!"

"मला शिकवतोस? खोली तिच्या नावावर केली नाही ते इंग्लंडात कसं कळलं?"

हे वाक्य त्यांनी माईकपासून वीतभर अंतरावर म्हटलं. दत्तारामचे कर्णे दोन होते, एक आमच्या गच्चीवर आणि एक समोरच्या इमारतीवर रोखलेला. समोरच्या गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी राहिली.

मग जे झालं त्याला व्याख्यानोत्तर चर्चा म्हणता येणार नाही. सगळे एकदम बोलू लागले. तेव्हा मला कळलं की इमारतीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. दुधवाल्यालासुद्धा. मी तेवढा राहिलो होतो. नलिनी मला नंतर म्हणाली, "डोक्यावरच्या मजल्यावर बाई वर्षभर रडते ते तुम्हाला ऐकू आलं नाही, आणि इंग्लंडातली ऐकू आली?"

गलका चालू असताना शेवंतीवहिनी उठल्या. गर्दीतून पुढे आल्या. माझ्या हातातला माईक त्यांनी घेतला. मागितला नाही, घेतला. त्यांना माईकची सवय नव्हती. दोन्ही हातांनी तांब्या धरावा तसा धरला.

"भावजी," त्या दादांकडे बघून म्हणाल्या, "मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. लोक हसतील म्हणून. मला वाटायचं, असं फक्त आपल्याच घरात होतंय. आता तिथल्या बाईचं पण तसंच झालं म्हणतात, मग मी कशाला लाजू? इथे पूजा मांडली आहे. कमिटीची सगळी माणसं बसली आहेत. सांगा, कुठल्या बैठकीत ठेवणार?"

एवढंच बोलल्या. आवाज कापत होता, पण कर्ण्यातून तो कापणारा आवाज पार महामार्गापर्यंत गेला असणार. काशीरामदादांनी कमिटीकडे पाहिलं. कमिटीने आयुष्यात पहिल्यांदा दादांकडे न बघता मान हलवली, आणि ती दादांना नको त्या बाजूला हलली. दादा खाली बसले. उठले. हार काढला. म्हणाले, "करतो म्हटलं होतं मी. नाही कुठे म्हटलं? देवासमोर सांगतो, पुढच्या आठवड्यात होईल."

"पुढच्या नाय, ह्याच!" दत्ताराम.

"ह्याच."

आणि नेमका त्या क्षणी टेम्पो आला. दुसरे बुवा पखवाजासकट उतरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या बुवांसाठी होत्या, शेवंतीवहिनींसाठी होत्या, की दोघांसाठी, ते मला माहीत नाही. माझ्यासाठी नव्हत्या एवढं नक्की. मी कोट सावरत उभाच होतो. "कालसापेक्षता..." एवढं मी म्हणालो, तर दत्तारामने माझ्या पायाखालची सतरंजी ओढून बुवांना घातली.

दोन दिवसांनी चौकीतून बोलावणं आलं. काशीरामदादांनी तक्रार केली होती की मी पूजेत बदनामीकारक भाषण केलं. हवालदार भीमराजांनी परवाना काढला. "तुम्ही करमणूक म्हणून परवानगी घेतली. इथे तक्रार राजकीय प्रकारची आहे."

"मी वैचारिक म्हणत होतो!" मी जवळजवळ ओरडलो.

"मूळ पुस्तक सादर करा."

मी घरी जाऊन कादंबरी आणली. भीमराजांनी ती चाळली, चित्रं नाहीत म्हणून नाराज झाले, आणि आक्षेपार्ह भाग मराठीत सांगायला लावला. मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. 'दीर, राहणार इंग्लंड, धंदा चर्चची समिती, सध्या मयत.' मग म्हणाले, "तक्रारदाराचा या दिराशी नातेसंबंध?" मी म्हटलं, काही नाही. "तुमचा?" काही नाही. "मग तसं लिहून द्या." म्हणून ते लेखी. सही मी रागाने इतकी दाबून केली की कागद फाटला. भीमराजांना वाटलं मी घाबरलो. त्यांनी मला पाणी दिलं.

खोली शेवंतीवहिनींच्या नावावर झाली. दादांनी तक्रार मागे घेतली आणि मुलाचं बिऱ्हाड डोंबिवलीला पाहिलं. मला वाटलं, आता निदान लोकांना साहित्याचं मोल कळेल. कळलं ते असं : पलीकडच्या सोसायटीचे चेअरमन घरी आले, चहा प्याले आणि म्हणाले, "आमच्याकडे एकाने गच्चीला कुलूप लावलंय. त्यावर इंग्रजीत काही असेल तर बघा ना." आणखी एकाला भाडेकरू निघत नव्हता, त्याला जरा कडक कादंबरी हवी होती. माझं एकोणिसावं शतक ही काय गुंडांची टोळी आहे? भाषाशैली, पात्रचित्रण, गद्याची लय यांबद्दल आजतागायत या वसाहतीत मला एकानेही विचारलेलं नाही. तिसरा मुद्दा अजून माझ्या पोटात आहे.

गेल्या रविवारी दुपारी शेवंतीवहिनी खाली आल्या. घावनं आणली होती. नलिनीशी इकडचं तिकडचं बोलल्या आणि जाता जाता दारात थांबल्या.

"भाऊजी, एक विचारायचं राहिलं. तुमच्या त्या पुस्तकातल्या बाईला शेवटी मिळालं का घर?"

मी तोंड उघडलं. अभ्यासक म्हणून माझं एक कर्तव्य आहे. त्या बाईला घर मिळत नाही. दीर जिंकतो. मुलगी दूरच्या नातेवाइकांकडे मोलकरणीसारखी राहते आणि बाई एका धुलाईघरात कपडे धूत, खोकत, शेवटच्या आधीच्या प्रकरणात मरते. त्या मृत्यूचं वर्णन अकरा पानांचं आहे आणि भाषेच्या दृष्टीने अप्रतिम आहे. मी नलिनीकडे पाहिलं. नलिनी माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या हातात लाटणं नसूनही असल्यासारखं वाटत होतं.

"मिळालं," मी म्हणालो.

"वाटलंच मला," शेवंतीवहिनी म्हणाल्या. "सगळ्या शेजाऱ्यांसमोर विचारल्यावर दीर काय करणार?" आणि त्या वर गेल्या. त्यांच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज मला, लक्ष दिलं म्हणून, ऐकू आला.

मी कादंबरी काढली. त्या बाईच्या मरणाचं प्रकरण पुन्हा वाचलं, मग मागची सगळी पानं चाळली. शेजारी शोधत होतो. शेजारी आहेत. खिडक्यांचे पडदे सारून बघतात, चहा घेतात, हळहळतात. सातशे पानांत एकही माणूस रस्ता ओलांडून त्या दिराच्या दारात गेलेला नाही, आणि लेखिकेने एकालाही पाठवलेलं नाही. परीक्षेत मी याला 'संयत करुणा' म्हटलं होतं आणि त्यावर मला चांगले मार्क पडले होते. आता वाचताना असा संताप आला की पुस्तक मिटून मी तडक दत्तारामकडे गेलो, आणि त्या इंग्रज लेखिकेने काय करून ठेवलंय ते त्याला पहिल्यापासून सांगायला बसलो.